एमिली कार हिची अरण्यशाळा

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला आणि शाळेचीं दारें बंद झालीं, म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें आजोळची वाट, आमराई आणि नदीचा डोह हींच उभीं राहतात. वडील मंडळींना मात्र निराळीच काळजी लागते. दोन महिने हीं मुलें करणार तरी काय ? ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ ही म्हण घरोघर ऐकूं येऊं लागते, आणि पुढच्या इयत्तेचीं पुस्तकें आणून मुलांपुढें ठेविलीं जातात. मुलांची इच्छा खोटी नाहीं, व वडिलांची काळजीहि खोटी नाहीं. परंतु सुट्टीचा आणखी एक, तिसरा, उपयोग आहे. वर्गाच्या चार भिंतींत जें शिकतां येत नाहीं, तें बाहेर जाऊन, एका जागीं स्वस्थ बसून, डोळे उघडे ठेवून शिकणें, हा तो उपयोग होय. हा उपयोग जिनें आयुष्यभर केला, आणि एकसष्ट वर्षें पुरीं झाल्यावर ज्यासाठीं जुनी गाडी विकत घेऊन जी उन्हाळाभर रानांत जाऊन राहूं लागली, अशा एका चित्रकर्त्रीची हकीकत आज आपण पाहूं. तिचें नांव एमिली कार.

बालपण व शिक्षण

एमिलीचा जन्म ता. १३ डिसेंबर १८७१ रोजीं व्हिक्टोरिया या शहरीं झाला. हें शहर कॅनडा देशाच्या पश्चिमेस, पॅसिफिक महासागरांतील व्हँकुव्हर नांवाच्या मोठ्या बेटावर वसलेलें आहे. या किनाऱ्यावर पाऊस पुष्कळ पडतो. त्यामुळें सीडर, फर वगैरे सूचिपर्णी वृक्ष शेंकडों वर्षें वाढत राहतात, आणि त्यांतील कित्येकांचीं खोडें पांचसहा माणसांच्या कवेंतहि मावत नाहींत. अशा रानाच्या कडेला एमिली लहानाची मोठी झाली. तिचे वडील इंग्लंडहून आलेले व्यापारी असून स्वभावानें फार करडे होते. पांच बहिणींत एमिली सर्वांत धाकटी, आणि सर्वांत हट्टी. आठएक वर्षांची असतांना तिनें शेगडींतील जळकें लांकूड घेऊन एका खाकी कागदी पिशवीवर घरच्या कुत्र्याचें चित्र काढलें. तें इतकें हुबेहूब वठलें, कीं तिला चित्रकला शिकविण्याची सोय करण्यांत आली. तिचा पुढचा सारा मार्ग त्या कोळशाच्या रेघेंतून निघाला, असें म्हटलें तरी चालेल.

१८८६ सालीं आई आणि १८८८ सालीं वडील वारले. घराची सूत्रें थोरल्या बहिणीच्या हातीं गेलीं. तिच्या कडक शिस्तींत एमिलीचा जीव रमेना. तेव्हां ती आपल्या पालकाकडे स्वतः गेली, व सॅन फ्रॅन्सिस्को येथील कलाशाळेंत जाण्याची परवानगी तिनें मागून घेतली. तेथून परत आल्यावर घरच्या गोठ्याच्या माळ्यावर तिनें मुलांसाठीं चित्रकलेचा वर्ग काढला. खालीं गाय रवंथ करीत आहे आणि वर मुलें चित्रें काढीत आहेत, अशी ती शाळा होती. त्या वर्गाच्या फीमधून पैसा पैसा सांठवून १८९९ सालीं ती इंग्लंडला गेली.

इंग्लंडांतील एक प्रसंग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कॉर्नवॉल परगण्यांत सेंट आय्व्हज् म्हणून समुद्रकांठीं एक गांव आहे. तेथें त्या काळीं दूरदूरचे चित्रकार येऊन राहत, एकमेकांचें काम पाहत आणि उघड्यावर बसून चित्रें काढीत. अशा वस्तीला चित्रकारांची वसाहत म्हणत. पुढें जगांत ठिकठिकाणीं कलावंतांना कांहीं काळ राहण्यास व काम करण्यास जागा देणाऱ्या ज्या संस्था निघाल्या, त्यांचें हें एक जुनें रूप होय. तेथील मुख्य शिक्षक, ज्यूलियस ओल्सन, हे समुद्राचीं चित्रें काढण्यांत नाणावलेले. विद्यार्थ्यांनीं भर उन्हांत, वाळूवर बसून चमकता समुद्र रंगवावा, असा त्यांचा आग्रह असे. त्या झगझगाटानें एमिलीचें डोकें दुखूं लागे. म्हणून ती त्यांची नजर चुकवून मागच्या टेकडीवरील ट्रेजेना नांवाच्या दाट रानांत जाऊन बसे. दुसरे शिक्षक, अल्जर्नन टॅल्मेज, यांनीं मात्र तिची ही आवड ओळखली. सांवलींतहि प्रकाश भरलेला असतो, तो शोधावयास शिक, असें त्यांनीं तिला समजावून सांगितलें. पाहा, दोन्ही शिक्षक विद्वान, दोघांचाहि हेतु चांगला; परंतु एकानें आपली वाट दाखविली, व दुसऱ्यानें शिष्येची वाट शोधून दिली. एमिलीनें जन्मभर जें रंगविलें, तें सांवलींतील प्रकाशच होय.

लंडनच्या धुरानें व गर्दीनें तिची प्रकृति ढांसळली, आणि वर्षाहून अधिक काळ तिला आरोग्यभवनांत काढावा लागला. पुढें १९१० सालीं ती नवीन चित्रपद्धति शिकण्यासाठीं फ्रान्सला गेली, तेव्हां पॅरिसमध्येंहि तसेंच झालें. महिन्याहून अधिक काळ अंथरुणास खिळल्यावर डॉक्टरांनीं तिला सांगितलें, कीं मोठीं शहरें तुला मानवत नाहींत. मग तिनें खेड्यापाड्यांत राहून, शेतें, घरें, झाडें यांचीं चित्रें काढीत शिक्षण पुरें केलें. भडक, निर्मळ रंग निर्भयपणें वापरावे, सावलीला काळा रंग न देतां निळा-जांभळा द्यावा, हें ती तेथें शिकली. १९११ सालीं पॅरिसच्या ‘सालों दोतोन’ या प्रसिद्ध प्रदर्शनांत तिचीं दोन चित्रें लागलीं. नगराच्या कलाशाळेंत नव्हे, तर नगराबाहेरच्या शेताबांधावर तिची विद्या फळास आली.

१९१२ चा उन्हाळा

फ्रान्सला जाण्यापूर्वीं, १९०७ सालीं, एमिली आपल्या ॲलिस नांवाच्या बहिणीबरोबर अलास्काच्या सफरीस गेली होती. तेथें तिनें टोटेम स्तंभ पाहिले, आणि हे सर्व स्तंभ ज्या त्या गांवीं जाऊन रंगवावे, असा संकल्प तिनें केला. टोटेम स्तंभ म्हणजे काय, हें येथें नीट समजून घेतलें पाहिजे. त्या किनाऱ्यावरील हैदा, गित्क्सान, क्वाक्वाक्यवाक्व इत्यादि मूळ रहिवासी तांबड्या सीडरचें प्रचंड खोड घेऊन त्यावर डोमकावळा, गरुड, अस्वल, देवमासा यांच्या आकृति एकावर एक कोरीत. ह्या आकृति पूजेच्या मूर्ति नव्हत. त्या घराण्याच्या खुणा असत. कोणाचा वंश कोणता, कोणाचे हक्क कोणते, कोण थोर पुरुष निवर्तला, हें सारें त्या लांकडांत लिहिलेलें असे. आपल्याकडे गांवाच्या वेशीजवळ वीरगळ उभे असतात. त्यांशीं यांचें कांहीं अंशीं साम्य आहे. स्तंभ उभारण्याच्या वेळीं ‘पॉटलॅच’ नांवाचा मोठा समारंभ होई, त्यांत गांवजेवण घालून यजमान सर्वांना भेटी देई, व आलेले पाहुणे त्या घराण्याच्या हक्कांचे साक्षीदार होत. १८६२ सालच्या देवीच्या सांथीनें या लोकांचीं गांवेंच्या गांवें ओस पाडलीं. त्यावर कॅनडाच्या सरकारनें पॉटलॅच समारंभावर बंदी घातली. ती १८८५ पासून १९५१ पर्यंत टिकली. कित्येक स्तंभ उपटून दूरदूरच्या संग्रहालयांत नेण्यांत आले, व कित्येक पावसांत कुजत राहिले.

१९१२ सालच्या उन्हाळ्यांत एमिली एकटीच, बरोबर एक कुत्रा घेऊन, सहा आठवड्यांच्या प्रवासास निघाली. अलर्ट बे व त्याच्या आसपासचीं बेटें, स्कीना नदीच्या कांठचीं गित्क्सान लोकांचीं गांवें आणि उत्तरेकडील हैदा ग्वाई बेटें, अशी तिची वाट होती. कधीं आगबोट, कधीं मासेमारांची होडी, कधीं घोड्यांची गाडी. रात्रीं मिळेल तेथें मुक्काम. एकट्या बाईनें असा प्रवास करणें त्या काळीं लोकांना वेडेपणाचें वाटे. हैदा बेटांत क्लारा व विल्यम रस या हैदा दांपत्यानें तिला आपल्या होडींतून ओस पडलेल्या गांवीं नेलें, तिची सोय पाहिली, आणि स्तंभांवरील आकृतींचा अर्थ समजावून दिला. त्यांच्या मदतीवांचून तिचें काम झालें नसतें, हें विसरतां कामा नये. कमशेवा नांवाच्या निर्जन गांवीं झिमझिम पावसांत, गवतांत उभा असलेला एक लांकडी डोमकावळा तिनें जलरंगांत टिपून घेतला. त्याची गोष्ट पुढें येणार आहे.

परत आल्यावर, एप्रिल १९१३ मध्यें, व्हँकुव्हर शहरीं एक सभागृह भाड्यानें घेऊन तिनें सुमारें २०० चित्रांचें प्रदर्शन भरविलें व स्तंभांवर व्याख्यानहि दिलें. हीं चित्रें प्रांताच्या सरकारनें संग्रहासाठीं घ्यावीं, अशी तिची आशा होती. परंतु चित्रें तपासणाऱ्या तज्ज्ञाला रंग अति भडक वाटले. जसें आहे तसें टिपलें नाहीं, असें त्याचें मत पडलें. सरकारनें चित्रें घेतलीं नाहींत. फ्रान्समध्यें ज्या रंगांबद्दल शाबासकी मिळाली, तेच रंग घरीं दोष ठरले.

पंधरा वर्षांचा दुष्काळ

येथून पुढें सुमारें पंधरा वर्षें एमिलीनें फारच थोडीं चित्रें काढलीं. वडिलार्जित जमिनीच्या आपल्या वांट्यावर तिनें एक घर बांधलें, व त्यांतील खोल्या भाड्यानें देऊन ती पोट भरूं लागली. भाडेकऱ्यांसाठीं स्वयंपाक करणें, बंब तापविणें, जिने झाडणें, बागेंत खुरपणें, असा तिचा दिवस जाई. तेवढ्यानें भागेना, म्हणून तिनें मेंढपाळी जातीचे झुपकेदार कुत्रे पाळून त्यांचीं पिलें विकलीं. समुद्रकांठच्या दरडींतून माती खणून, ती लहान मुलाच्या जुन्या बाबागाडींत घालून घरीं आणावी, व तिचीं भांडीं घडवून, भाजून, प्रवाशांना विकावीं, हाहि उद्योग तिनें केला. त्या भांड्यांवर ती मूळ रहिवाशांच्या आकृति काढी. परंतु जी नक्षी एका घराण्याच्या मानाची, ती आपण पैशासाठीं मडक्यावर उतरवीत आहों, याची टोंचणी तिच्या मनास लागून राहिली, व तिनें ती पुढें उघडपणें कबूल केली.

तिच्या चित्रशाळेंत जागा अपुरी. म्हणून खुर्च्या दोरीनें बांधून कप्पीवरून छताला टांगून ठेविलेल्या असत. पाहुणा आवडता असला, तर खुर्ची खालीं येई. नावडता असला, तर तो उभाच राहून निघून जाई! तिचा स्वभाव तिखट होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु याच काळाविषयीं आपण अधिक विचार केला पाहिजे. ती कोणाच्या दारीं याचना करीत बसली नाहीं, आणि आपल्या हातच्या कोणत्याहि कामाची तिला लाज वाटली नाहीं. कुंचला बाजूस पडला होता. पण डोळे मिटलेले नव्हते.

१९२७ सालीं दैव पालटलें. ओटावा येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयानें पश्चिम किनाऱ्यावरील कलेचें मोठें प्रदर्शन भरविलें, व त्यांत मूळ रहिवाशांच्या कलाकृतींबरोबर एमिलीचीं जुनीं चित्रें मांडण्यांत आलीं. त्या निमित्तानें तिनें देशाच्या पूर्व भागाचा प्रवास केला. टोरॉन्टो येथें ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या चित्रकारमंडळाची व तिची भेट झाली. कॅनडाचें रान कॅनडाच्याच नजरेनें रंगवावें, असा या मंडळाचा बाणा होता. त्यांपैकीं लॉरेन हॅरिस यांनीं तिची योग्यता ओळखली. पुढें कित्येक वर्षें ते तिला पत्रें लिहून धीर देत राहिले. स्तंभ पुरे झाले, आतां ज्या अरण्यांत ते उभे आहेत त्या अरण्यालाच हात घाल, असा सल्ला त्यांनीं तिला दिला. वयाच्या छपन्नाव्या वर्षीं एमिलीनें जणूं नव्यानें मुळाक्षरें गिरवावयास घेतलीं.

आतां तो डोमकावळा. १९१२ सालीं पावसांत टिपलेल्या त्या जलरंगाच्या कागदावरून १९३१ सालीं, म्हणजे एकोणीस वर्षांनीं, तिनें ‘बिग रेव्हन’ हें मोठें तैलचित्र रंगविलें. पहिल्या चित्रांत पाहिलेली वस्तु आहे. दुसऱ्यांत तीच वस्तु मनांत मुरून, गंभीर होऊन उभी आहे. आकाश घनदाट पडद्यासारखें लोंबत आहे, आणि खालीं हिरवळ समुद्राच्या लाटेसारखी उचंबळत आहे. सुट्टींत टिपलेली एक नोंद एकोणीस वर्षांनीं कशी फळते, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं.

‘हत्ती’

रान रंगवावयाचें तर रानांत राहिलें पाहिजे. दरवेळीं घरून जाणें व अंधार पडण्यापूर्वीं परतणें यांत दिवस फुकट जाई. म्हणून १९३३ सालीं एमिलीनें एक जुनी, बोजड, राहण्याजोगी गाडी विकत घेतली. तिला स्वतःचें इंजिन नव्हतें. भाड्याच्या मोटारीनें ती ओढून नेऊन रानांत सोडावी लागे. करड्या रंगाची व डुलत डुलत चालणारी म्हणून एमिलीनें तिचें नांव ठेविलें ‘हत्ती’. १९३३ पासून १९३६ पर्यंत प्रतिवर्षीं उन्हाळ्यांत किंवा शरद्ऋतूच्या आरंभीं ही गाडी व्हिक्टोरियापासून थोड्या अंतरावर, गोल्डस्ट्रीम, एस्क्विमॉल्टची खाडी, ऑल्बर्ट हेड, मेचोसिन अशा ठिकाणीं मुक्कामास जाई.

बिऱ्हाड मोठें गमतीचें होतें. एमिली, तिचे लहान ग्रिफन जातीचे कुत्रे, सूझी नांवाची पांढरी उंदरीण, आणि वू नांवाची जावा बेटाकडील जातीची माकडीण. थंडी वाजूं नये म्हणून या वूसाठीं एमिली स्वतः झगे शिवीत असे. गाडीच्या बाजूला ताडपत्री ताणून पडवी केलेली, तिच्याखालीं चूल. पाऊस आला कीं ताडपत्रींत पाणी सांचे, चूल धुमसे, आणि अंथरूण ओलें होई. परंतु सकाळीं दार उघडलें, कीं दाराशींच रान !

दिवसाचा क्रम साधा असे. सकाळचीं कामें आटोपून, प्राण्यांना खाऊं घालून, घडीचें स्टूल, फळी, कागद व रंग घेऊन ती झाडींत शिरे. तेथें जाऊन लगेच रंगवावयास बसावें, अशी तिची रीत नव्हती. ती पुष्कळ वेळ नुसती बसून राही. प्रथम सारें रान म्हणजे एक हिरवा गोंधळ दिसे. मग हळूहळू एक फांदी दुसरीपासून निराळी होई, प्रकाशाची वाट कळूं लागे, आणि स्थिर वाटणारें रान हलत, वाढत, वर चढत आहे, असें दिसूं लागे. तें दिसल्यावर मग ती कुंचला उचली. संध्याकाळीं, दिव्याच्या उजेडांत, त्या दिवशीं काय दिसलें व काय साधलें नाहीं, हें ती वहींत लिहून ठेवी. साधलेल्यापेक्षां न साधलेल्याचेंच वर्णन त्या वहींत अधिक आहे.

तिनें वापरलेलें साहित्यहि पाहण्यासारखें आहे. कॅनव्हास व उत्तम तैलरंग महाग, आणि वाळावयास वेळ लागणारे. जलरंग हलके खरे, पण रानाचा जोर त्यांत उतरेना. तेव्हां तिनें स्वस्त मनिला कागदाचे मोठे ताव घेतले, तैलरंगांत घरांना द्यावयाचा साधा पांढरा रंग मिसळला, आणि तें मिश्रण पेट्रोलनें पातळ केलें. पेट्रोल पटकन् उडून जाई, रंग लवकर वाळे, आणि हाताचा फटकारा जलरंगासारखा मोकळा चाले. हीं चित्रें गुंडाळून नेण्यासहि सोपीं. गरिबींतून काढलेल्या या युक्तीनेंच तिच्या चित्रांत ती प्रसिद्ध गति आली, जींत आकाश, झाडें व गवत एकाच वाऱ्यानें हेलावल्यासारखीं दिसतात. (पेट्रोल तात्काळ पेट घेतें, म्हणून वाचकांनीं या युक्तीचें कौतुक करावें, अनुकरण करूं नये.)

लांकूडतोड्यांनीं सोडलेलें झाड

गाडी जेथें उभी राही, तेथील सर्वच रान अभंग नव्हतें. लांकडाच्या व्यापारासाठीं टेकड्यांमागून टेकड्या बोडक्या होत होत्या, व रस्त्यांच्या खडीसाठीं दरडी खणल्या जात होत्या. इतर चित्रकार अशा जागेकडे पाठ फिरवते. एमिली तेथेंच स्टूल मांडून बसली. करवतीनें कापतांना झाड कोसळलें, म्हणजे बुंध्याचा न कापलेला शेवटचा भाग फाटून त्याचे सुळके उभे राहतात. त्या सुळक्यांना तिनें ‘किंचाळणारे’ असें नांव दिलें होतें. तो तिला झाडाच्या अंतःकरणांतून निघालेला आवाज वाटे. वृक्षतोडीविषयीं आज सर्वत्र बोललें जातें. तिनें तें कोणी बोलत नसतांना रंगवून ठेविलें.

१९३५ सालीं काढलेलें तिचें एक चित्र व्हँकुव्हरच्या कलासंग्रहालयांत आहे. त्याच्या इंग्रजी नांवाचा आशय ‘लांकूड म्हणून अव्हेरलेलें, आकाशाचें लाडकें’ असा आहे. आजूबाजूचीं सारीं मोठीं झाडें तोडलीं गेलीं आहेत. एकच उंच, किडकिडीत झाड मागें राहिलें आहे. त्याच्या खोडांतून चांगली फळी निघणार नाहीं, म्हणून लांकूडतोड्यांनीं त्याला हात लावला नाहीं. शेंड्यावर तेवढा पानांचा झुबका. आणि त्या झुबक्याभोंवतीं सारें आकाश प्रकाशाच्या वर्तुळांनीं भरून गेलें आहे, जणूं तें त्या झाडाला कवेंत घेत आहे.

पालकांना विनंति आहे, कीं त्यांनीं या चित्रापुढें मनानें क्षणभर उभें राहावें. प्रत्येक वर्गांत असें एखादें मूल असतें. गणितांत तें मागें, पाठांतरांत कच्चें. व्यापाऱ्याची फुटपट्टी लावली तर त्यांतून फळी निघत नाहीं. घरीं त्याला भावंडांचीं उदाहरणें ऐकावीं लागतात, व तें हळूहळू स्वतःलाच टाकाऊ समजूं लागतें. अशा मुलाला कशाची आवड आहे, हें पाहण्याचें काम टॅल्मेज यांच्यासारखा एखादा शिक्षक, किंवा आईबाप, यांनीं केलें नाहीं तर कोण करणार ? चित्रें काढून पोट भरतें काय, हा प्रश्न पालकांनीं जरूर विचारावा. एमिलीच्या आयुष्याचें उत्तर असें, कीं पोट भरण्यासाठीं तिनें जिने झाडले, आणि जगण्यासाठीं चित्रें काढलीं. दोन्ही गोष्टी एकाच हातानें होतात.

लेखणी, आणि अखेर

१९३७ च्या जानेवारींत तिला हृदयविकाराचा झटका आला. रानांतील मुक्काम संपला. वू माकडीण व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कमधील प्राणिसंग्रहालयास द्यावी लागली. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनें लेखणी हातीं घेतली. जुन्या प्रवासांतील माणसें व गांवें तिला आठवत होतीं. तीं तिनें साध्या, नेमक्या शब्दांत उतरविलीं. ‘क्ली विक्’ हें तिचें पहिलें पुस्तक १९४१ सालीं प्रसिद्ध झालें. क्ली विक् म्हणजे ‘हंसणारी’. तरुणपणीं ती युक्लूलेट गांवीं गेली असतांना तेथील मूळ रहिवाशांनीं तिला हें नांव दिलें होतें. सत्तरीस टेंकलेल्या या लेखिकेच्या पहिल्याच पुस्तकाला कॅनडाच्या गव्हर्नर जनरलच्या नांवाचें वाङ्मयीन पारितोषिक मिळालें. ता. २ मार्च १९४५ रोजीं ती व्हिक्टोरिया येथें वारली. गाडींतील दिव्याखालीं लिहिलेल्या तिच्या रोजनिशा १९६६ सालीं छापून निघाल्या. व्हँकुव्हर येथील कलाविद्यापीठाला तिचें नांव दिलेलें आहे.

अभ्यास करणारानें थोर व्यक्तीच्या चुकाहि पाहाव्या. मूळ रहिवाशांची संस्कृति लवकरच नष्ट होणार, तिची आठवण आपणच राखली पाहिजे, असा एमिलीचा समज होता. तिच्या काळच्या पुष्कळांचा होता. तो समज चुकला. १९६९ सालीं रॉबर्ट डेव्हिडसन या तरुण हैदा कलावंतानें मॅसेट गांवीं नवा स्तंभ कोरून उभारला. त्या गांवीं सुमारें शतकभरांत तसें झालें नव्हतें. १९८१ सालीं हैदा ग्वाईमधील स्गँग ग्वाय हें जुनें गांव जागतिक वारशांत गणलें गेलें. २०१० सालीं त्या बेटांचें इंग्रजी राणीवरून पडलेलें नांव जाऊन ‘हैदा ग्वाई’ हेंच नांव सरकारी रीतीनें कायम झालें. २०२३ सालीं निस्गा लोकांचा एक स्मृतिस्तंभ स्कॉटलंडच्या संग्रहालयांतून त्यांच्या घरीं परत आला. ज्यांना जगानें संपलेलें मानलें, ते लोक आपली गोष्ट आज स्वतः सांगत आहेत. एमिलीच्या चित्रांचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं. मात्र तीं चित्रें म्हणजे एका पाहुणीनें पाहिलेलें दृश्य होय, हें ध्यानीं ठेवून तीं पाहावीं.

सुट्टींतील अभ्यास

आतां विद्यार्थिमित्रांनो, थोडें काम. आपल्याजवळ हत्ती नाहीं, माकडीणहि नाहीं. पण त्यांवांचून आपलें अडत नाहीं. घराजवळचें एकच झाड निवडा : वड, आंबा, चिंच, कोणतेंहि. सुट्टीभर रोज त्याच वेळीं, त्याच जागीं अर्धा तास बसा. पहिले तीन दिवस कांहींच काढूं नका, नुसतें पाहा. चौथ्या दिवशीं एक फांदी काढा. पेन्सिल नसेल तर कोळसा घ्या. कागद नसेल तर वाण्याच्या पुडीचा घ्या. सावली खरोखर काळी आहे काय, तें पाहून लिहा. झाडावर कोणतीं पांखरें कोणत्या वेळीं येतात, नवी पालवी कोणत्या रंगाची असते, वारा सुटला म्हणजे झाडाचा कोणता भाग आधीं हलतो, हें वहींत नोंदवा. त्या झाडाविषयीं गांवांतील वृद्ध माणसांना विचारा. तें कोणीं लावलें, त्याखालीं काय काय घडलें, तें त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या, आणि सांगणाराचें नांव खालीं लिहा.

शाळा पुन्हां उघडेल तेव्हां ती वही बरोबर आणा. चित्र कसें वठलें हें कोणी पाहणार नाहीं. किती दिवस बसलांत, हें मात्र विचारलें जाईल. एमिलीच्या कमशेवाच्या डोमकावळ्याला मोठें चित्र होण्यास एकोणीस वर्षें लागलीं. तुमच्या झाडाला किती लागतील तें कोणी सांगावें ? पण आधीं तें एकदां, पावसांत किंवा उन्हांत, कागदावर उतरलें पाहिजे.